ट्रकचा हात, कारचा नट

लातूरहून नांदेडला निघालं की चाकूर, शिरूर ताजबंद, अहमदपूर, माळेगाव, लोहा असा सुमारे १४० किलोमीटरचा रस्ता लागतो. तुळजापूरकडून यवतमाळमार्गे नागपूरच्या दिशेनं जाणाऱ्या ३६१ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाचा हा तुकडा. लातूरच्या आडतीवर निघालेली सोयाबीन आणि तूर, डाळमिलमधून बाहेर पडलेली पोती, हंगामात कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या, एसटी, नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला आलेल्या परराज्यांतल्या गाड्या, सगळं याच रस्त्यावरून जातं. आणि प्रत्येक मोठ्या फाट्यावर टायरचं एक दुकान असतं. पत्र्याची शेड, पंक्चर शोधायला पाण्यानं भरलेलं घमेलं, धडधडणारा कॉम्प्रेसर, दोन-तीन टॉमी आणि कोपऱ्यात उभा केलेला पुरुषभर उंचीचा लोखंडी पाइप.

हा पाइप ट्रकसाठी असतो. ट्रकचं चाक दहा जाड स्टडांवर, म्हणजे आटे पाडलेल्या खुंट्यांवर, बसतं, एकेक स्टड साधारण २२ मिलिमीटरचा, आणि त्याचा नट ६०० न्यूटन मीटरच्या आसपास आवळावा लागतो. पान्याला पाइप लावल्याशिवाय किंवा मोठी एअर गन मारल्याशिवाय ते होत नाही. दिवसभर अशी चाकं चढवणाऱ्या त्याच हाताकडे संध्याकाळी एखादी छोटी कार येते. तिचा स्टड १२ मिलिमीटरचा आणि त्याला हवे असतात जेमतेम १०० न्यूटन मीटर. पाइप तोच, गन तीच आणि ‘घट्ट’ म्हणजे किती याचा अंदाजही तोच. कारचे स्टड मोडण्याच्या तक्रारींचं एक मोठं मूळ या तफावतीत आहे. मिस्त्री कामचुकार असतो म्हणून हे होत नाही. उलट तो काम जास्तच मनापासून करतो म्हणून होतं.

त्यात गंमत अशी की स्टड मोडतो तेव्हा दोष भलत्यालाच जातो. चार महिन्यांनी, भलत्याच गावाजवळ, रात्रीच्या वेळी चाक पंक्चर होतं. गाडीवाला पाना लावतो, जोर करतो आणि स्टड नटासकट तुटून हातात येतो. तो म्हणतो, उघडताना मोडला. खरं तर मोडायची तयारी चार महिन्यांपूर्वी, आवळतानाच झालेली असते. ती कशी, हे समजून घ्यायचं तर चाक गाडीला कशाच्या जोरावर टिकतं इथपासून सुरुवात करावी लागेल.

चाक लटकत नाही, दाबलेलं असतं

माळेगावच्या यात्रेत अजूनही बैलगाड्या दिसतात. बैलगाडीचं चाक आखावर मोकळं फिरतं आणि ते बाहेर सरकू नये म्हणून आखाच्या टोकाला एक खीळ असते. खिळीचं काम फक्त अडवण्याचं. ती थोडी सैल असली तरी चालतं, चाक पडत नाही. कारचे स्टड म्हणजे अशाच चार खिळी आहेत आणि चाक त्यांच्यावर अडकवलेलं आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. तसं नाही.

कारचं चाक हबच्या सपाट तोंडावर टेकतं आणि नट आवळले की ते हबवर दाबलं जातं. दाब इतका मोठा असतो की दोन पोलादी तोंडांमधलं घर्षणच चाकाला जागेवर धरून ठेवतं. गाडीचं वजन, ब्रेकचा झटका, खड्ड्याचा धक्का हे सगळं त्या घर्षणावर जातं. स्टडला आडवा भार घ्यावाच लागत नाही. त्याचं काम एकच, ताणलेलं राहून चाक दाबून धरायचं.

आकड्यांत बघू. १२ मिलिमीटरच्या कोरड्या, स्वच्छ स्टडवर नट १०० न्यूटन मीटरनं आवळला की स्टडमध्ये साधारण चार टनांचा ताण तयार होतो. चार स्टडांचे मिळून सोळा टन. चाक आणि हब यांच्यातलं घर्षण त्याच्या पंधरा टक्के धरलं तरी चाक जागचं हलवायला दोन टनांहून जास्त जोर लागेल. छोट्या कारच्या एका चाकावर गाडीचा भार येतो अडीचशे-तीनशे किलोंचा. म्हणजे नट मापात असतील तर खड्ड्यात आदळलेल्या गाडीचं चाकसुद्धा हबवर तसूभर सरकत नाही.

पण चार टनांच्या ताणानं स्टड लांबतो किती? चाकाच्या जाडीएवढा, म्हणजे सुमारे २५ मिलिमीटरचा भाग ताणाखाली आहे असं धरलं, तर लांबतो तो जेमतेम ०.०५ ते ०.०६ मिलिमीटर. हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. चाक धरून ठेवणारी सगळी ताकद या एक दशांश मिलिमीटरहूनही कमी लांबीत साठवलेली असते. पुढच्या बहुतेक गोष्टी इथूनच निघतात.

जोर जातो कुठे?

पान्यावर आपण जो जोर लावतो त्यातला फारच थोडा स्टड ताणण्याच्या कामी येतो. ढोबळ हिशेब असा की निम्मा जोर नटाचं बूड चाकावर घासण्यात जातो, चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात आणि उरलेला दहा टक्के ताण निर्माण करतो. म्हणून घर्षणात थोडा फरक पडला तरी ताणात मोठा फरक पडतो. आटे गंजलेले असतील तर पाना घट्ट लागतो, पण आत ताण कमीच असतो. आट्यांना तेल लावलं तर पाना तेवढ्याच जोरात थांबतो, पण आतला ताण दीडपटीच्या आसपास जाऊन पोचतो.

मराठवाड्यात बऱ्याच गॅरेजमध्ये नट चढवण्याआधी आट्यांना ग्रीसचं बोट फिरवायची पद्धत आहे. पुढच्या वेळी सहज उघडावं हा त्यामागचा चांगला हेतू. पण गाडीच्या पुस्तिकेत नट आवळण्याचं जे माप दिलेलं असतं ते बहुधा स्वच्छ आणि कोरड्या आट्यांसाठी असतं. ग्रीस लावून तेच माप दिलं तर स्टड ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त ताणला जातो. कंपनीनं स्पष्ट सांगितलं नसेल तर आट्यांना तेल-ग्रीस नको. ग्रीस लावायचंच तर हबच्या मधल्या उंचवट्याला, जिथे चाकाचं मधलं भोक बसतं तिथे, अगदी पुसट हात फिरवावा. चाक हबला चिकटून बसत नाही. दाब पडणाऱ्या सपाट तोंडावर मात्र ते पसरू द्यायचं नाही.

किती आवळलं म्हणजे जास्त?

छोट्या आणि मध्यम कारसाठी पुस्तिकेतलं माप साधारण ८५ ते १३० न्यूटन मीटरच्या दरम्यान असतं. नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. १०० न्यूटन मीटर म्हणजे हाताला किती? पाना ३० सेंटिमीटर लांबीचा असेल तर त्याच्या टोकावर ३४ किलोंचा दाब. गाडीसोबत मिळणारा पाना २५ सेंटिमीटरचा असेल तर ४० किलो. दोन्ही हातांनी, कंबर वाकवून, अंगाचा थोडा भार देऊन दाबलं की एवढं होतं. कंपनी गाडीबरोबर आखूड पाना देते त्यात कंजूषपणा नसतो. सामान्य माणसाच्या हातून त्या लांबीत मापाच्या फार पलीकडे जाता येत नाही.

आता त्याच ३० सेंटिमीटरच्या पान्यावर ७० किलोंचा माणूस उभा राहिला तर? झाले २०० न्यूटन मीटर, म्हणजे मापाच्या दुप्पट. पान्याला मीटरभर पाइप लावला आणि त्यावर ५० किलोंचा भार टाकला तर जवळपास ५०० न्यूटन मीटर. पाइपवर १०० न्यूटन मीटरसाठी अवघा दहा किलोंचा दाब पुरतो, हे तिथे कुणाच्या लक्षातच येत नाही. आणि एअर गन? कारसाठीच्या अर्ध्या इंची गनसुद्धा मापाच्या कित्येक पट जोर देऊ शकतात. ट्रकच्या एक इंची गनबद्दल तर बोलायलाच नको.

कारच्या स्टडवर पुष्कळदा १०.९ असा आकडा कोरलेला असतो. पहिला भाग सांगतो की या पोलादाची ताणशक्ती दर चौरस मिलिमीटरला १००० न्यूटनची आहे, आणि दुसरा सांगतो की त्याच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास गेलं की ते कायमचं लांबायला लागतं. १२ मिलिमीटरच्या अशा स्टडला सुमारे साडेसात टनांपर्यंत ताणलं तर सोडल्यावर तो मूळ लांबीवर परत येतो. २०० न्यूटन मीटरला ताण आठ टनांच्या वर जातो. म्हणजे पान्यावर नुसतं उभं राहिल्यानंही स्टड लवचीकपणाची हद्द ओलांडू शकतो. तो लगेच तुटत नाही. आट्यांच्या मुळाशी बारीक होतो, आटे खेचले जातात आणि पुढच्या प्रत्येक आवळण्याला तो आणखी थोडा जातो. शेवटी एक दिवस, कुणाच्या तरी हाताखाली, तुटतो.

हाताला मात्र हे आधी कळतं. नट चाकावर टेकल्यानंतर पाना जसजसा फिरेल तसतसा तो जड होत गेला पाहिजे. थोडंसं फिरवलं की झपाट्यानं जड व्हायला हवा. पाना फिरतोय, पण आणखी जड होत नाही, रबर पिळल्यासारखा मऊ लागतोय, असं वाटलं की थांबायचं. त्या क्षणी स्टड हार मानत असतो किंवा आटे सोलले जात असतात. ‘अजून एक आटा जाईल’ म्हणून पुढे दाबलं की काम संपलं. गन मारताना ही जाणीव हातापर्यंत पोचतच नाही. गनचं खरं नुकसान तिच्या जोराइतकंच या बधिरपणात आहे.

काळी माती आणि ढिला नट

जास्त आवळल्यानं स्टड मोडतो हे पटायला सोपं आहे. कमी आवळल्यानंही मोडतो, हे चटकन पटत नाही. इथे आपल्या भागातली काळी माती कामाला लागते.

पावसाळ्यात चाक बदलायची वेळ आली की गाडी रस्त्याच्या कडेला, म्हणजे शेताच्या बांधालगत, चिखलात उभी असते. स्टेपनी काढून खाली आडवी टाकली जाते, बहुतेक वेळा आतली बाजू खाली. काळ्या मातीतली चिकणमाती ओली असताना फुगते आणि गोंदासारखी चिकटते. हबवर टेकणाऱ्या तोंडावर तिचा पातळ थर बसतो. त्याच थरावर चाक चढतं, नट आवळले जातात, पाना छान घट्ट लागतो. मग चाक फिरतं, ब्रेकची उष्णता लागते, ओल उडून जाते. काळी माती सुकताना आकसते, भुगा होऊन निघून जाते. थर ०.०५ मिलिमीटरनं जरी बसला, तरी स्टडची सगळी लांबण निघून जाते आणि चार टनांचा ताण शून्यावर येऊ शकतो. नट कुणीही सोडलेला नसतो, तरी चाक ढिलं झालेलं असतं. गंजाचे पापुद्रे आणि हबच्या तोंडावर मारलेला जाड रंग यांचाही परिणाम असाच होतो.

ताण गेला की घर्षण गेलं, आणि चाक हबवर केसभर इकडेतिकडे सरकायला लागलं. ही आडवी हालचाल नटांची वैरीण आहे. १९६९ मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्यानं प्रयोगानं दाखवून दिलं की आडव्या थरथरीनं आट्यांमधलं घर्षण जणू नाहीसंच होतं आणि नट स्वतःहून उलटा फिरत जातो. नट एकदा सैल झाला की तो आणखी सैल होतो, ते यामुळे.

त्याच वेळी स्टड वाकवला जायला लागतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा इकडे, एकदा तिकडे. चौदा इंची साधं चाक किलोमीटरला पाचशेहून थोडे जास्त फेरे घेतं, म्हणजे लातूर ते नांदेड एका खेपेत सत्तर हजारांच्या वर. एका झटक्यानं कधीच तुटणार नाही असा पोलादाचा तुकडा इतक्या वेळा वाकवला की तुटतो. रेल्वेचे आस असेच काहीही कारण नसताना मोडायचे, तेव्हा एकोणिसाव्या शतकात ऑगस्ट व्योलर या जर्मन रेल्वे अभियंत्यानं वर्षानुवर्षं आस फिरवून, वाकवून हे तपासलं. धातूंच्या थकव्याचा पद्धतशीर अभ्यास तिथून सुरू झाला.

चार नटांपैकी एकच ढिला राहिला तरी त्याचा भार शेजारच्यांवर पडतो आणि तेही थकायला लागतात. त्यामुळे एक स्टड मोडलेल्या चाकाचे बाकीचे स्टडही संशयाच्या नजरेनं पाहावेत.

मोडलेला तुकडा काय सांगतो?

मोडका स्टड फेकून देण्याआधी त्याचं तोंड उजेडात नीट पाहावं. तोंडाचा एक भाग गुळगुळीत, काळपट किंवा गंजलेला, त्यावर शिंपल्यावर असतात तशा बारीक कमानी, आणि उरलेला भाग खरबरीत, चकचकीत असेल, तर तो थकून मोडला आहे. कमानीचा भाग म्हणजे हळूहळू पुढे सरकलेली भेग. चकचकीत भाग शेवटच्या क्षणी तुटलेला. असा स्टड सांगतो की चाक बरेच दिवस ढिलं होतं, किंवा स्टडला आधीच इजा झाली होती.

तोंड सगळं एकसारखं ताजं असेल, त्यावर पिळाची वळणं दिसत असतील, तुटल्या जागी स्टड निमुळता झाला असेल, तर तो पिळून किंवा ताणून तोडलेला आहे. गन, पाइप किंवा अडकलेला नट यांतलं काहीतरी कारण असतं. आणि आटे दोऱ्यासारखे सोलून नटात अडकले असतील तर नट आडवा चढला होता किंवा तो त्या स्टडचा नव्हताच.

दिसायला सारखे, आटे वेगळे

दोन आट्यांमधलं अंतर सगळ्या गाड्यांत सारखं नसतं. मारुती सुझुकीच्या कारमध्ये १२ मिलिमीटरच्या स्टडवर आट्यांचं अंतर १.२५ मिलिमीटर असतं, ह्युंदाई, टोयोटा, होंडा यांच्यात १.५. नजरेला हा फरक दिसत नाही. दुकानातल्या डब्यातून हाताला लागेल तो नट उचलला तर तो दोनेक आटे सरळ चढतो आणि मग अडतो. इथे पाना लावून जोर केला की स्टडचे आणि नटाचे दोन्हीचे आटे गेले. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या गाड्यांत तर स्टडच नसतात, बाहेरून बोल्ट घातले जातात. त्यांना वेगळीच काळजी लागते.

नटाचं बूडही पाहावं लागतं. बहुतेक जपानी आणि कोरियन कारच्या नटाचं बूड शंकूसारखं तिरकं असतं, होंडाचं गोलाकार, तर टोयोटाच्या काही अलॉय चाकांना सपाट बुडाचे, लांब नळीचे नट लागतात. तिरकं बूड गोल खळग्यात बसवलं तर ते एका बारीक रेघेवरच टेकतं. सुरुवातीला घट्ट वाटतं, थोड्याच अंतरात दबून सैल होतं. अलॉय चाकं घेतली आणि जुने लोखंडी चाकांचे नट तसेच वापरले, की हे होतं. आणखी एक तपासणी सोपी आहे. नट हातानं पूर्ण फिरवून बसवताना तो किती फेरे घेतो ते मोजायचं. १२ मिलिमीटरच्या स्टडवर निदान सात-आठ फेरे आट्यांची पकड हवी. जाड अलॉय किंवा स्पेसर लावल्यावर तीन-चार फेऱ्यांतच नट टेकत असेल तर ती चाकं त्या गाडीची नाहीत.

क्रम महत्त्वाचा

चाक बदलताना गाडी सपाट आणि टणक जागी घ्यावी, हँडब्रेक ओढावा, समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड लावावा. जॅक चढवण्याआधी चाक जमिनीवर असतानाच नट पाव-अर्धा फेरा सैल करून घ्यावेत. काढलेलं चाक गाडीखाली सरकवून ठेवलं तर जॅक घसरल्यास गाडी त्यावर टेकते. चढवायचं चाक मात्र आतलं तोंड मातीला लागू न देता गाडीला टेकून उभं ठेवावं.

मग दोन मिनिटं साफसफाईला द्यायची. तारेच्या ब्रशनं स्टडचे आटे घासायचे, कोरड्या फडक्यानं हबचं तोंड आणि चाकाचं तोंड पुसायचं. बोटाला माती लागणार नाही इतपत. ब्रश नसेल तर जुना टूथब्रश आणि थोडं पाणीही चालेल, पण पाणी पुसून कोरडं करायचं.

नट नेहमी बोटांनी चढवायचे. पाना नकोच, गन तर अजिबात नको. पहिल्या फेऱ्यात नट अडत असेल तर उलटा फिरवावा, ‘टक’ असा आटा पडल्यासारखा बारीक झटका लागतो, तिथून सरळ फिरवावा. हातानं तीन-चार आटे न गेलेल्या नटाला पान्यानं शिस्त लावायला जाऊ नये. सगळे नट हातानं टेकले की समोरासमोरचे, आळीपाळीनं, थोडे थोडे आवळायचे. पाच नट असतील तर एक सोडून एक, चांदणी काढल्यासारखं. एकच नट पूर्ण आवळून शेजारच्याकडे गेलं तर चाक तिरकं बसतं आणि उरलेले नट आवळून कितीही घट्ट लागले तरी चाक हबला सगळीकडून टेकत नाही. शेवटचं, मापाचं आवळणं गाडी जमिनीवर उतरवल्यावर करायचं.

घाट उतरून किंवा मे महिन्याच्या उन्हात जोरात ब्रेक लावत आल्यावर चाक हात लावता येणार नाही एवढं तापलेलं असेल तर थोडं निवू द्यावं. अॅल्युमिनियमचं अलॉय चाक पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. तापलेल्या चाकावर आवळलेला नट चाक निवल्यावर सैल पडतो.

आणि पन्नास ते शंभर किलोमीटर गेल्यावर पुन्हा एकदा पाना लावून बघायचं. चाक लातूरला बदललं असेल तर अहमदपूरला चहा प्यायला थांबाल तेव्हा. बसायचा तो थर तोवर बसलेला असतो, आणि सैल पडलेला नट तिथेच सापडतो.

अडलेला नट, मोडलेला स्टड

नट उघडत नसेल तर पान्यावर उड्या मारणं हा शेवटचा उपाय, आणि तोही वाईट. आधी गंज सोडवणारं तेल आट्यांच्या तोंडाशी सोडून पंधरा-वीस मिनिटं थांबावं. मग नट आधी जरासा घट्ट करण्याच्या दिशेला हलवून पाहावा, नंतर सैल करावा, पुन्हा थोडा घट्ट. गंजाचा भुगा होऊन बाहेर पडतो. सुटताना नटानं ‘कट्’ असा आवाज केला तर चांगलं लक्षण. आवाज नाही, नुसता मऊ पीळ जाणवतोय, तर स्टड पिळला जातोय. तिथे थांबून गॅरेज गाठावं. सुटलेला नट अर्ध्यावर पुन्हा अडला तर तेल सोडून मागे-पुढे करत काढायचा. सरळ ओढून काढायचा प्रयत्न केला की आटे जातात. पाना सहा कोनांचा, नटावर पूर्ण बसणारा घ्यावा. मारुतीच्या नटाला बहुधा १९ चा पाना लागतो, ह्युंदाई आणि टोयोटाला २१ चा. जुन्या ट्रकच्या डाव्या बाजूच्या चाकांवर कधी उलटे आटे असतात, तिथे सवयीनं जोर लावला तर उघडण्याऐवजी आवळलं जातं.

स्टड मोडलाच तर चार स्टडांच्या गाडीत पकडीचा चौथा हिस्सा गेला. उरलेले नट मापात आवळून, हळू चालवत जवळचं गॅरेज गाठावं, त्यापुढे नाही. स्टड हबमध्ये मागच्या बाजूनं दाबून बसवलेला असतो, त्याच्या गळ्यावरच्या उभ्या दातांनी तो फिरत नाही. जुना मागे ठोकून काढतात आणि नवा मागून घालतात. नवा घालताना पुढून वॉशरची चळत आणि एक जुना नट लावून ओढून बसवणं चांगलं. हातोड्यानं ठोकून बसवला तर हबच्या बेअरिंगला मार बसतो. काही गाड्यांत हब काढल्याशिवाय स्टड बाहेर येत नाही, काम वाढतं. पण ‘वेल्डिंग मारून देतो, दहा मिनिटांत होईल’ या वाक्याला भुलू नये. स्टडला ताकद येते ती कारखान्यात त्याला तापवून आणि थंड करून केलेल्या संस्कारातून. वेल्डिंगच्या उष्णतेत तो संस्कार पुसला जातो आणि उरतो तो नावाचा स्टड.

दुकानातच पाहून घ्या

जास्त आवळण्याची ही खोड केवळ आपल्याकडची नाही. १९१८ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या पाणी खात्यात काम करणाऱ्या कॉनरॅड बार यानं मापानंच आवळणारा पाना तयार केला, तो जमिनीखालच्या नळांचे बोल्ट कामगार गरजेपेक्षा जास्त आवळत म्हणून. आज तो टॉर्क रेंच नावानं कुठल्याही हत्यारांच्या दुकानात मिळतो. आकडा लावायचा, नट आवळायचा, ‘टिक’ वाजलं की सोडायचं. पुन्हा पुन्हा टिक वाजवायची नाही, या रेंचनं नट उघडायचे नाहीत, आणि काम झाल्यावर आकडा सर्वांत खाली आणून ठेवायचा, म्हणजे आतली स्प्रिंग थकत नाही. महामार्गावरच्या टायर दुकानानं अशी एक रेंच ठेवली आणि कारचं शेवटचं आवळणं तिच्यावर सोपवलं, तर मोडके स्टड पुष्कळ कमी होतील.

ती नसेल तर गाडीवाल्यानं स्वतः दोन गोष्टी कराव्यात. गन पुढे येताना दिसली की सांगावं, “भाऊ, नट हातानं चढवा आणि शेवटी आमच्याच पान्यानं आवळा.” बहुतेक मिस्त्री हसून का होईना, ऐकतात. दुसरी गोष्ट अशी की पैसे देण्याआधी, गाडी दुकानासमोर उभी असतानाच, गाडीतला आखूड पाना काढावा आणि प्रत्येक नट एकदा स्वतः सैल करून पुन्हा आवळून बघावा. त्या पान्यानं, तुमच्या हातानं, दिवसाउजेडी तो उघडत नसेल, तर रात्री अकरा वाजता शिरूर ताजबंद आणि लोह्याच्या मध्ये तर तो मुळीच उघडणार नाही. दुकानात मिस्त्री आहे, तेल आहे, मोठा पाना आहे, आणि चूक झालेली असेल तर ती दुरुस्त करायला ज्यानं केली तोच समोर आहे.